पहिली उपसणी

आण्णांच्या हातातून रक्त निघालं तेव्हा ते कुणाला दिसलंच नाही, कारण म्यानाची मखमल लाल होती. हे वाक्य मी इतकी वर्षं मनातल्या मनात म्हणत आले आहे, आणि आज लिहायला बसले तर पेन तिथंच अडलं. साठी उलटली, दोन सुना आल्या, गुडघ्यांनी असहकार पुकारला, तरी ती मखमल आठवली की हातातलं काम तसंच राहतं. धक्का बसतो आणि काळानं ओसरतो, असं लोक सांगतात. माझा ओसरला नाही. उलट वय वाढत गेलं तशी त्यातली एकेक गोष्ट मला जास्तच कळत गेली, आणि जेवढी कळली तेवढी मी नव्यानं हादरले. म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते.

गंगाखेडला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं धाब्याचं घर होतं. पुढची खोली कामाची, मागची राहायची, आणि मधल्या अंगणात सदानकदा कशाचा तरी वास. आमचं घर जिनगराचं. आजोबांपर्यंत घोड्यांची जिनं व्हायची. मग घोडे गेले, जिनं गेली, आणि माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या वाट्याला उरली ती म्यानं. तलवारी कोण वापरतं आता, असं शाळेतल्या मुली मला विचारायच्या. लग्नघरं वापरतात, देवळं वापरतात, मोहरमच्या सवाऱ्या वापरतात. प्रत्येक तलवारीचा बाक निराळा, रुंदी निराळी, त्यामुळं तयार म्यान आणून चढवलं असं चालत नाही. आण्णा आलेली तलवार जुन्या वर्तमानपत्रावर आडवी ठेवायचे आणि पेन्सिलीनं तिच्या कडेकडेनं रेघ ओढायचे. त्या रेघेबरहुकूम दोन लांब फळ्या कापायच्या, आतून पात्याच्या मापानं कोरायच्या, घोंगडीचं पातळ अस्तर लावायचं, सरसानं दोन्ही फळ्या एकमेकींना चिकटवायच्या, वर कातडं किंवा मखमल चढवायची, तोंडाला पितळेची मोहनाळ आणि टोकाला तहनाळ बसवायची. सांगायला एवढंच. करायला पंधरा दिवस लागायचे, आणि त्यातले निम्मे नुसते वाळण्याची वाट बघण्यात जायचे.

लाकूड पांगाऱ्याचं. बोरीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावरचे पांगारे ठरलेले होते. फळ्या आल्या की दोन वर्षं माळवदावर पडून राहायच्या, त्याआधी आण्णा त्यांना पटाशी लावू द्यायचे नाहीत. बाभळीचं लाकूड फुकट मिळालं तरी नको, ते लोखंड काळं करतं. अस्तराची घोंगडी गोदाबाई आणायची. तिच्या घरची मेंढरं होती. वर्षातून दोनदा ती डोक्यावर गठुडं घेऊन यायची, ओट्यावर बसायची, आणि मायच्या हातचं धपाटं खाल्ल्याशिवाय हलायची नाही. लोकरीत अंगचं तेल असतं, त्यानं पात्याला गंज चढत नाही, असं आण्णा सांगायचे. गोदाबाई म्हणायची, "आमच्या मेंढराच्या अंगात तेल हाय, माझ्या गुडघ्यात काहून न्हाई?" मायला ती फार आवडायची, कारण मायची बोलणी तेवढ्याच तिखटपणे परत करणारी ती एकटीच होती.

मायचं आणि सरसाचं जन्माचं वैर. सरस म्हणजे हाडा-कातड्याचा डिंक, तो माझ्या चुलीवर शिजणार नाही, असं तिनं लग्न होऊन आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं म्हणे. म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगडांची वेगळी चूल होती. तिच्यावर पाण्याचं पातेलं, पातेल्यात सरसाचं छोटं भांडं. सरस रात्रभर भिजवायचा आणि सकाळी गरम पाण्यात बसवून विरघळवायचा. विरघळू द्यायचा, पण उकळू द्यायचा नाही. "उकळी फुटली की सरस मेला," आण्णा म्हणायचे. दिसायला तसाच दिसतो, चिकटतोही तसाच, पण त्याच्यात जीव उरत नाही. चुलीवर अंबाडीची भाजी आणि कोपऱ्यात सरस, असे दोन्ही वास एकदम नाकात आले की मला अजून सकाळ झाल्यासारखं वाटतं. परवा नातीला हे सांगितलं तर तिनं तोंड वाकडं केलं. तिच्या आजीचं बालपण तिला घाण वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

आता आमच्या घरची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. तलवार म्यानातून काढताना म्यान नेहमी दोन्ही चपट्या बाजूंनी धरायचं असतं. बोटं धारेच्या अंगाला आडवी येऊ द्यायची नाहीत. जोड कच्चा असला तर पातं निघताना फटीत शिरतं, मखमल कापतं आणि बोटंही कापतं. जो कुणी तलवार न्यायला येई त्याला आण्णा हे तीन-तीनदा दाखवून द्यायचे. आणि मग स्वतः नेमकं उलटं करायचे. गिऱ्हाईकासमोर बसून डाव्या हाताची पूर्ण मूठ धारेच्या अंगावर आवळायचे आणि तलवार तीनदा उपसायचे. ही पहिली उपसणी. ज्यानं म्यान केलं त्यानंच ती करायची, त्याच्याच तळहाताची हमी. आजोबांनी केली, आण्णांनी केली, आणि कुणाच्या हाताला कधी ओरखडा आल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्याआधी आण्णा रिकाम्या म्यानावर वरून खालपर्यंत नखानं ठोकत जायचे. जोड पक्का असला तर आवाज टणक येतो, कुठं फट असली तर बद्द येतो. फट आहे एवढं आवाज सांगतो. ती धारेच्या अंगाला आहे की पाठीच्या, ते मात्र सांगत नाही.

मला भाऊ नव्हता. दहावी झाल्यावर मी कामाला बसले ती कुणी बसवली म्हणून नव्हे, मला ते येत होतं म्हणून. आधी अस्तर, मग मखमलीवरची शिवण, मग पितळ घासणं, मग कोरणी. कोरणीत माझा हात आण्णांपेक्षा हलका आहे, हे आण्णाच लोकांना सांगायचे आणि मी ऐकत नसल्यासारखी मान खाली घालून ऐकायचे. कौतुकाची मला फार हाव होती. आजही आहे, पण आता ती मला ओळखू येते.

त्या वर्षी पेडगावच्या तात्यारावांनी मुलाच्या लग्नासाठी घरची तलवार आणली. मोठे बागाईतदार, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, आवाज असा की बोलले तर रस्त्यावरच्याला ऐकू जावं. जुनं म्यान वाळवीनं खाल्लं होतं. ह्याच तलवारीनं त्यांच्याकडं दसऱ्याला कोहळा कापत, म्हणून हौसेनं शिकलकराकडून नवी धार लावून आणली होती. आण्णांनी मनगटावरचे केस पात्यावर घासून बघितले. केस उडाले. "लग्नाच्या तलवारीला एवढी धार कशाला, तात्याराव?" असं ते म्हणाले, तर तात्याराव हसले, "आसू द्या की. बोथट तलवार आन् मुका नवरदेव, दोन्ही सारखंच." ते गेल्यावर आण्णांनी वर्तमानपत्रावर रेघ ओढली आणि तो कागद माझ्यापुढं सरकवला. "ही तुझी. लाकडापासून मखमलीपर्यंत सगळं तुझं. आन् पहिली उपसणी बी तूच करायची." मी आत जाऊन मायच्या मागं उभी राहिले आणि ती भाकरी थापत असताना तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं. "काय गं, झोप आली का?" माय म्हणाली.

फळ्या मी अशा कोरल्या की पातं सोडलं की आपोआप आत जावं आणि म्यान उलटं धरलं तरी बाहेर पडू नये. आण्णांनी बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे पुष्कळ होतं. चिकटवायच्या दिवशी ते परभणीला पितळ आणायला गेले होते. सरस कोपऱ्यातल्या चुलीवर होता, आणि तेवढ्यात गोदाबाई आली. नवीन सुनेबद्दल तिला खूप सांगायचं होतं, माझंही लग्नाचं वय होतं, मी हसत ऐकत बसले. उठून बघते तर सरसाला बुडबुडे. उकळी कधी फुटली ते कळलंच नाही. मी भांडं उतरवलं, काडीनं ढवळून बघितलं, तार येत होती. नवीन सरस भिजवायचा म्हणजे दुसरा दिवस उजाडणार. आण्णा विचारणार, का राहिलं? आणि मला सांगावं लागणार, की माझ्या पहिल्याच म्यानाला मी सरस उकळू दिला. तार तर येते आहे, असं म्हणून मी तोच सरस लावला. सुतळीनं फळ्या आवळल्या, पाचरा ठोकल्या आणि म्यान सावलीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सुतळी सोडली. तोंडापासून वीतभर खाली, धारेच्या अंगाला, जोड किंचित उघडा होता. नख जाईल एवढा. लांबी चार बोटं. हे मी अंदाजानं लिहीत नाही, मी बोटं लावून बघितली होती. करायला पाहिजे होतं एकच, गरम पाण्याच्या फडक्यानं जोड सोडवायचा आणि पुन्हा चिकटवायचा. वेळ होता. पाच दिवस होते. मी काय केलं, तर भुसा आणि सरस कालवून फटीत भरला, वरून घासून गुळगुळीत केला आणि संध्याकाळच्या आत मखमल चढवली. लाल मखमल, शिवण अशी बारीक की माय म्हणाली, "ही तुझ्या लग्नाच्या चोळीला घाल." मला वाटलं, उपसणी मीच करणार आहे. मी बोटं चपट्या बाजूंना ठेवीन, मूठ वरून आवळल्यासारखी दाखवीन, कुणाला काय कळतंय. नंतर एकदा निवांत दुरुस्त करू. इतकी वर्षं झाली, पण त्या मुलीचं हे डोकं आठवलं की माझं मलाच नवल वाटतं. गिऱ्हाईकाच्या घरी ती तलवार कुणाच्या तरी हातात असणार आहे, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही. तिला फक्त तो एक दिवस पार पाडायचा होता.

तात्याराव ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच उगवले. दुपारची जेवणं झाली होती, माय मागं भांडी घासत होती. "बायकांना बांगड्या भरायला घेऊन आलो व्हतो. म्हणलं, म्यान झालं आसंल तर घेऊनच जाव." आण्णांनी म्यान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मखमलीवरून हात फिरवला, मोहनाळ उन्हात धरली. "लय देखणं केलंय की, आण्णा." "मी न्हाई केलं," आण्णा म्हणाले, "सगळं हिचं काम हाय. आता उपसणी बी तीच करंल." तात्यारावांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. काम आवडलं होतं, ते कळत होतं. पण मान हलवून म्हणाले, "काम केलं ते बेस केलं. पण लग्नाघरची तलवार हाय, पोरीसोरीच्या हातात नंगी नको. तुमीच करा उपसणी."

मला तेव्हा काय वाटलं ते खोटं लिहिणार नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. अर्धा क्षण असेल, पण वाटलं. मग आण्णांनी म्यान मांडीवर घेतलं आणि नखानं ठोकायला सुरुवात केली, तेव्हा माझे कान तिकडंच लागले. टक, टक, टक. मोहनाळीपासून वीतभर खाली आवाज बदलला. बद्द. त्यांनी तिथंच पुन्हा एकदा ठोकलं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. फार वेळ बघितलं असं मला आता वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी होते. तात्याराव नुकतेच "देखणं" म्हणाले होते, तो शब्द माझ्या अंगावर अजून ओला होता. मी काहीच बोलले नाही. आण्णांनी तलवार म्यानात घातली, डाव्या हाताची मूठ धारेच्या अंगावर आवळली, आणि उपसली.

आवाज झाला नाही. आण्णांचा चेहरा हलला नाही. तलवार बाहेर आली, तिच्या पात्यावर एक बारीक ओली रेघ होती, ती त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलाला पुसली, नवीन तलवार पुसावी तशी, आणि तलवार तरटावर ठेवली. टॉवेल मांडीवर टाकला. डाव्या हाताची मूठ म्यानावर तशीच. "जराशी अडकायलीय, तात्याराव. आतून एक हात फिरवावा लागंल. तुमी कशाला पुन्हा तकलीफ घेता, मी सवता पेडगावला आणून देतो." मग मला म्हणाले, "कौसे, तात्यारावला पाणी दे. आन् मायला चहा टाकाय सांग." त्यांच्या मुठीभोवतीची मखमल जरा गडद दिसत होती, बस. ओली मखमल दिसते तशी.

मी पाणी आणलं. तात्याराव चहा होईपर्यंत बसले, चहा पिऊन झाल्यावरही बसले. वऱ्हाडाच्या गाड्या, आचारी, व्याह्यांचा मानपान, सगळं सांगत राहिले. आण्णा "हां, हां" करत होते, एकदा तर हसलेसुद्धा. तहनाळीच्या टोकावरून थेंब टॉवेलावर पडत होते, मला ते दिसत होते, तात्यारावांना दिसत नव्हते. मी खाली बसून टॉवेलाची घडी त्या टोकाखाली सरकवली. आण्णांनी मला रोखलं नाही. बाप मूठ आवळून पाहुण्याशी हसून बोलतोय आणि मुलगी खाली टॉवेल सरकवतेय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून गेलं नाही. मी ओरडायला पाहिजे होतं. मी दुसऱ्यांदा गप्प बसले.

तात्यारावांच्या चपलांचा आवाज रस्त्यावर गेला तशी आण्णांनी मूठ उघडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही आतून हाडापर्यंत उघडी होती. माय मागून आली आणि तिनं पदरानं तो हात दाबून धरला. मग म्हणाली, "हे काय केलं? कसं झालं?" आण्णा म्हणाले, "माझीच घाई. जोड नीट बघितला न्हाई." मी तोंड उघडलं. त्यांनी उजवा हात नुसता वर केला, आणि मी तिसऱ्यांदा गप्प बसले. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाके घातले आणि सांगितलं, हाताची बोटं वळवणाऱ्या दोऱ्या तुटल्यात, ही दोन आता वळायची नाहीत. "तीन हायेत की अजून," आण्णा म्हणाले. डॉक्टर हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा हात गळ्यात बांधून अंगणात कोपऱ्यातल्या चुलीपाशी जाऊन बसले. रात्री त्यांनी मायला सांगून सरस भिजत घातला होता. मायनं त्या भांड्याला जन्मात पहिल्यांदा हात लावला असेल. तयार कोरलेली फळ्यांची दुसरी जोडी नव्हती, त्यामुळं मी पहाटेपासून कोरत होते, डोळ्यांतलं पाणी पटाशीवर पडत होतं आणि मी ते मनगटानं पुसत होते. सरसावर वाफ धरली, भांड्याच्या कडेला पहिला बुडबुडा यायच्या आत आण्णांनी ते उजव्या हातानं उतरवलं आणि माझ्यासमोर आणून ठेवलं. का मेला तो सरस, कशानं सुटला जोड, हे त्यांना सगळं कळलं आहे, हे मला त्या क्षणी उमगलं. मायनं त्या दिवशी मला भाकरीचे घास भरवले, माझे हात सरसानं भरलेले होते म्हणून. शेंगदाण्याची चटणी होती.

नवीन म्यान घेऊन आम्ही दोघं एसटीनं पेडगावला गेलो. लग्नघर गजबजलेलं, ओसरीवर बायका हळद कांडत होत्या. तात्यारावांनी हात बघून विचारलं. "पटाशी लागली," आण्णा म्हणाले. "माझा हात जायबंदी हाय, तवा उपसणी हिच्याच हातून व्हईल. नको आसंल तर म्यान परत नेतो." तात्याराव घुटमळले. त्यांची म्हातारी आई खांबाला टेकून बसली होती, ती म्हणाली, "करू दे पोरीला. ज्याचं काम त्याचा हात." मी खाली बसले. आण्णांनी म्यानावर ठोकलं, वरून खालपर्यंत टणक. मी डाव्या हाताची पूर्ण मूठ धारेच्या अंगावर आवळली, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत. खरं सांगते, कापावं असंच मला वाटत होतं. तीनदा उपसली. तलवार पाण्यातून निघावी तशी निघाली. मूठ उघडून मी तळहात सगळ्यांना दाखवला, आण्णा दाखवायचे तसा. म्हातारीनं त्याच तळहातावर हळद लावली.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. आण्णा खिडकीशी, मी शेजारी. उन्हं उतरत होती, तुरी काढलेली रानं मोकळी पडली होती. परभणी जवळ आलं तसं मला राहवेना. "आण्णा, सरस उकळला व्हता. मला म्हाईत व्हतं." ते बाहेरच बघत होते. "हां," म्हणाले. मग म्हणाले, "ठोकलं तवाच कळलं मला, फट हाय म्हणून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मंग उपसली काहून?"

"लोकांम्होरं तुझं पहिलंच काम परत ठेवायचं न्हवतं मला. लगीन झाल्यावर घरी आणून नीट केलं आसतं." मग रोज लाकडाबद्दल सांगायचे त्याच आवाजात पुढं म्हणाले, "आवाजात अंग कळत न्हाई ना. म्हणून तुझ्याकडं बघितलं. म्हणलं, धारेच्या अंगाला आसती तर पोरगी बोलली आसती. तू बोलली न्हाईस. म्हणलं, मंग पाठीच्या अंगाला हाय. म्हणून मूठ आवळली."

गाडी थांबली, माणसं चढली, उतरली. मी त्यांच्याकडं बघत राहिले. रागाचा एक कण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. राग असता तर मी वाचले असते. त्यांनी माझ्या गप्प बसण्यावर भरवसा ठेवला होता. माझी चूक, माझा खोटेपणा, माझी हाव, हे सगळं मी त्या चार दिवसांत स्वतःला सांगून झालं होतं. पण हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते हाताची बोटं माझ्या तोंडाकडं बघून पणाला लावत होते, आणि मी भिंतीला टेकून उभी होते.

त्यानंतर या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. आण्णा पुढं खूप वर्षं जगले. कोरणी माझी झाली, उपसणीही माझी झाली, ते शेजारी बसून तीन बोटांनी पितळ घासायचे. माय शेवटपर्यंत त्यांना ऐकवायची, "तुमची घाई, घाईनं बोटं घालवली." ते भाकरी मोडताना ती दोन ताठ बोटं बाजूला काढायचे आणि म्हणायचे, "हां, घाईच झाली." मी समोर बसलेली असायचे. तिलाही मी कधी सांगितलं नाही. आता दोघंही नाहीत.

पहिलं म्यान खुंटीला आहे. आण्णांनी ते टाकू दिलं नाही. मखमल आता लाल राहिली नाही, मोहनाळीपासून वीतभर खाली तर ती काळी पडून ताठ झाली आहे. मध्ये एक तरुण मुलगा मोबाईलवर शूटिंग करायला आला होता, त्यानं विचारलं, "मावशी, ह्या काळ्या डिझाईनला काय म्हणतात?" मी त्याला चहा दिला. तो गेल्यावर म्यान खाली काढलं आणि नखानं ठोकून बघितलं. आवाज तोच आला. घरात कुणी नव्हतं. मग जे तेव्हा म्हणायला एका श्वासाचा वेळ पुरला असता, ते मी मोठ्यानं म्हणून बघितलं.

"आण्णा, थांबा. धारेच्या अंगाला फट हाय."